प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मी नेमका कुठे कमी पडतो, हे कसं ओळखायचं?

सहा वर्षं कोडिंग करून टीम लीड झालात आणि आता थेट पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) करू का, असं विचारताय. सध्या नको. पदवीधराला त्यासाठी ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. नुसतं कोडिंग त्यात धरत नाहीत. घाईच असेल तर सीएपीएम हे त्याच्या खालच्या पायरीचं प्रमाणपत्र आहे, त्याला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं.

पण आधी एक वही करा. एक्सेलही चालेल. काम हातात घेताना किती दिवस लागतील ते लिहायचं, संपल्यावर खरे किती लागले ते, आणि फरक का पडला ते एका ओळीत. माझ्या वहीत डेटा मायग्रेशनपुढे (जुन्या सिस्टिममधला डेटा नव्यात हलवण्याचं काम) ४ दिवस होते, लागले ९. प्रत्यक्ष काम तिनात उरकलं, बाकीचे सहा क्लायंटच्या एका मंजुरीची वाट बघण्यात गेले. मी रोज ईमेल टाकत बसलो, फोन काही केला नाही. आठ-दहा नोंदींनंतर लक्षात आलं, गणित ठीक होतं, संकोच नडत होता.

ऑनलाइन चाचण्यांत स्वतःला गुण देताना आपण सगळेच सढळ असतो, त्यामुळे त्यांच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा टीममधल्या टेस्टरला विचारा, ‘माझ्यामुळे तुझं काम कुठे अडतं?’ उत्तर देताना तो कचरला तर तीही एक नोंदच समजा.