बोट उभी आणि शेवाळ जोरात

प्रश्न : आमची फायबरची छोटी बोट वर्षभर खाऱ्या पाण्यात धक्क्यालाच बांधलेली असते, महिन्यातून एखाद्या वेळी फिरवली तर फिरवली. मागच्या वेळी चांगला महागातला, झिजत जाणारा अँटीफाउलिंग पेंट (बुडाला शेवाळ-बिवाळ धरू नये म्हणून लावतात तो) मारून घेतला तरी तीन महिन्यांत बुडाला शेवाळ काय, बार्नेकल (घट्ट चिकटून बसणारे कवचवाले बारके समुद्री जीव) काय, सगळं धरलं. पेंट डुप्लिकेट निघाला का?

उत्तर : डुप्लिकेट असेलच असं नाही हो. ह्या पेंटात तांबं असतं, तेच शेवाळाला लांब ठेवतं. झिजणारा पेंट चालत्या बोटीसाठी चांगला, पाणी घासत गेलं की वरचा थर निघतो आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. तुमची बोट उभीच, मग झिजणार कसा? वर बुळबुळीत थर बसला की तांबं आतल्या आत आणि शेवाळ मजेत.

ह्यातली गंमत जुनीच आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाला बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. पण खाऱ्या पाण्यात पत्रे झिजायचे, म्हणून १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. झिजणं थांबलं आणि जहाजांना बार्नेकल धरायला लागले! तांबं पाण्यात थोडं थोडं विरघळतं म्हणूनच ते राखण करतं, नुसतं असून उपयोग नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हार्ड, म्हणजे न झिजणारा पेंट बघा, त्यातलं तांबं बोट उभी असली तरी पाझरतं. फक्त बोट जास्त दिवस पाण्याबाहेर राहिली की त्याचा जोर जातो आणि दरवर्षी थरावर थर चढत जातात, कधीतरी सगळं खरवडावं लागतं, आणि ते करताना ओलं घासा, मास्क लावा, ती धूळ विषारीच असते. सिलिकॉनवाल्या गुळगुळीत कोटिंगच्या नादाला लागू नका, त्याच्यावरचं शेवाळ निघायला वेग लागतो. पाणरेषेपाशी ऊन पोचतं म्हणून तिथे हिरवं जास्त, एक हात जादा द्या आणि पेंट रेषेच्या दोनचार बोटं वरपर्यंत न्या. जस्ताच्या अ‍ॅनोडला (बोटीचे बाकीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेला तुकडा) मात्र पेंट लावायचा नाही.

आणि पेंट कुठलाही असो, पुसा. बार्नेकलचं पिल्लू आधी जागा बघत फिरतं, पसंत पडली की सिमेंटसारखं चिकटतं, एकदा कवच झालं की पत्र्याने खरवडून काढावं लागतं आणि सोबत पेंटही येतो. बुळबुळीत असतानाच दोनतीन आठवड्यांनी मऊ फडकं फिरवलं की झालं, पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. पाण्यात रंगाचा ढग दिसला तर थांबा, तो तुमचाच पेंट निघतोय, बऱ्याच मरीनांमध्ये (छोट्या बोटी ठेवायच्या बंदरांत) असं घासायला मनाईच असते. खाली उतरण्याआधी धक्क्यावरून बोटीला येणारी वीज बंद करून घ्या, पाण्यात करंट उतरून माणसं गेलेली आहेत. जमत असेल तर बोट उचलून धरणारी लिफ्ट बसवून घेऊन बोट पाण्याबाहेरच ठेवा, मग हा सगळा व्यापच नको.

प्रश्न : हाच तांब्याचा पेंट अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला चालेल का?

उत्तर : नाही. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. डब्यावर अ‍ॅल्युमिनियमसाठी असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

प्रश्न : गोडाऊनमध्ये टीबीटीवाल्या (ट्रायब्युटिलटिन, कथलाचं विषारी रसायन) जुन्या अँटीफाउलिंग पेंटचा डबा सापडलाय. लोक म्हणतात तसा पेंट आता मिळत नाही. वापरू का?

उत्तर : मिळत नाही कारण बंदी आहे! त्याने मादी गोगलगायींना नराचे अवयव फुटायचे, कालवांची कवचं वेडीवाकडी व्हायची. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ मध्ये लागू झाला. डबा उघडू नका, गटारात तर अजिबात ओतू नका, घातक कचरा घेतात तिथे द्या.