भाकर, आहार आणि गिरास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेले तीन आठवडे मी बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी अशी फिरतेय, मराठी बायबलचं भाषांतर कसकसं होत गेलं यावरचं माझं पुस्तक घेऊन. कार्यक्रमात विचारलेले काही प्रश्न आणि मासिकाकडे आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे दिली, त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

ताई, असे कार्यक्रम पुण्या-मुंबईत होतात. तुम्ही आमच्या भागात एवढ्या का फिरताय? – एक वाचक, निपाणी

खानापूरला एका घराच्या सोप्यावर बसून पंधरा-वीस जणांसमोर मी येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली एकच ओळ वाचली, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे", आणि चुलीपुढे बसलेल्या अज्जी तिथूनच म्हणाल्या, "भाकर म्हटलंय होय? मग बरोबर हाय की." त्यांच्या हाताला जोंधळ्याचं पीठ होतं, तव्यावरची भाकरी फुगलेली, आणि ती उलटायची राहिली कारण त्या ऐकत बसल्या. मग त्यांची सून, तिचं माहेर कन्नड, म्हणाली आमच्यात 'आहार' म्हणतात, आणि गोव्याहून आलेले एक पाहुणे म्हणाले आमच्या प्रार्थनेत 'गिरास', म्हणजे घास. एका सोप्यावर दहा मिनिटांत तीन भाषांतरं निघाली आणि मी काहीच समजावलेलं नव्हतं! पुण्यात हेच सांगायला मला अर्धा तास लागतो, स्लाइड लावाव्या लागतात, इथे लोक रोजच एका भाषेतून दुसरीत ये-जा करतात त्यामुळे शब्द निवडणं म्हणजे काय हे त्यांना आधीच माहीत असतं.

आता त्या ओळीतली गंमत बघा. मूळ ग्रीकमध्ये 'आर्तोस' म्हणजे रोटी, पाव, तो शब्द सरळ आहे. पण त्याच्या जोडीला जो 'एपिऊसिओस' शब्द आहे, ज्याचं आपण 'रोजची' केलं, त्याच्या अर्थावर अभ्यासक शेकडो वर्षं भांडतायत, कुणी म्हणतं आजची, कुणी म्हणतं उद्याची, कुणी म्हणतं जगायला लागेल तेवढी. ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तय आणि लूक अशा दोन पुस्तकांत येते, चौथ्या शतकात जेरोम नावाच्या पंडितानं बायबल लॅटिनमध्ये आणलं तेव्हा त्यानं याच शब्दासाठी मत्तयमध्ये एक आणि लूकमध्ये दुसराच शब्द ठेवला. आणि आपल्याकडे बघा, हातावर पोट असलेल्या माणसाला 'रोजची भाकर' म्हटल्यावर काय कळतं ते सांगायला कुठल्या पंडिताची गरज नाही. 'अन्न' लिहिलं असतं तरी चाललं असतं, चूक कुणी म्हटलं नसतं, पण अज्जींनी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मान वर केली नसती असं मला अगदी मनापासून वाटतं.

मराठी बायबल तर साहेबानं केलं ना? त्यात आपलं काय? – कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आला आणि पुस्तक मी यासाठीच लिहिलं. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, बंगालातल्या श्रीरामपूरला (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) त्याचा छापखाना, 1805 साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, 1811 ला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग. पण केरीला मराठी शिकवणारे आणि त्याच्याबरोबर बसून वाक्य न् वाक्य लावणारे पंडित वैजनाथ होते, त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? आणि बंगालात बसून केलेली ती मराठी इकडे मुंबईच्या लोकांना नीट कळेना, म्हणून 1813 ला आलेल्या अमेरिकन मिशननं पुन्हा नव्यानं सुरुवात केली आणि 1826 ला त्यांचा नवा करार आला. म्हणजे ऐकणाऱ्याला कळलं नाही तर साहेबाचंही काम बाजूला ठेवलं जायचं, शेवटचा निकाल मराठी कानाचाच.

आणि पंडिता रमाबाई! बाईंचा जन्म 1858 चा, आताच्या कर्नाटकातच, गंगामूळच्या जंगलात. त्यांना जुनी भाषांतरं संस्कृतानं जड झालेली वाटत होती, बायकांना वाचून कळेल असं मराठी पाहिजे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एकहाती सगळं बायबल मराठीत आणलं, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवले, छापलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, प्रुफं तपासायचं काम अगदी शेवटपर्यंत चाललं होतं, आणि ग्रंथ 1924 ला बाहेर आला. ज्या मुलींना कुणी घरात ठेवून घेत नव्हतं त्यांच्या बोटांनी जुळवलेली ती पानं आहेत, हे सांगताना मला अजून गहिवरून येतं. मग यात आपलं काय असं कसं म्हणायचं?

बेळगावकरांसाठी अजून एक. बाबा पदमनजी तुमच्या गावचे, जन्म 1831, बेळगावातच. 'यमुनापर्यटन' ही कादंबरी 1857 साली लिहिणारे ते. कार्यक्रमात मी हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, मला वाईट वाटलं, एवढा मोठा लेखक आपल्या गल्लीत जन्मला आणि आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

हे धर्मप्रचाराचं काम आहे का? स्पष्ट सांगा. – एक वाचक, चिकोडी तालुका

नाही. मी भाषेची विद्यार्थिनी आहे, पुस्तक भाषांतराबद्दल आहे. ज्यांचा हा धर्मग्रंथ आहे त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून लिहिलंय, ज्यांचा नाही त्यांनी मराठीचा इतिहास म्हणून वाचावं. कार्यक्रमात दोन्ही बाजूचे लोक येतात, शेजारी शेजारी बसतात.

प्रोटेस्टंट आणि कॅथलिक बायबल वेगळं असतं का? – खानापूर

पुस्तकांची संख्या वेगळी, प्रोटेस्टंटांकडे 66, कॅथलिकांकडे 73. जास्तीची सात जुन्या करारात आहेत. नवा करार दोघांचा सारखाच, 27 पुस्तकं.

दौऱ्यात सगळ्यात लक्षात राहिलेलं माणूस कोण? – वाचक, बेळगाव

निपाणीच्या अलीकडे एका रानात बकरी बसवलेली होती (इकडे मेंढरांना बकरीच म्हणतात), आमची गाडी पंक्चर झाली म्हणून थांबलो तर तिथले धनगर मामा बोलायला आले, काय पुस्तक म्हणाले, तर मी त्यांना बायबलमधलं स्तोत्र 23 वाचून दाखवलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही". 'मेंढपाळ'वर ते काही बोलले नाहीत, "आम्ही मेंढका म्हणतो" एवढंच. पण पुढे 'तुझी आकडी व तुझी काठी' आलं तसं त्यांनी खांद्यावरची आकडी खाली घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बाभळीची डहाळी हिनं ओढायची, आणि काठी कुत्र्या-लांडग्याला, दोन्ही कामं वेगळी, लिहिणाऱ्याला म्हाईत होतं बघा. आकडीचा दांडा हातानं घासून घासून गुळगुळीत झालेला, वर कोयत्यासारखं वाकडं पातं. मी या ओळीवर पुस्तकात दोन पानं लिहिलीत, पण हे मला घरी बसून सुचलं नव्हतं, पुढच्या आवृत्तीत मी ते घालणार.

माझं पण पुस्तक येतंय. बुक टूर कशी करायची? – नवोदित लेखक, उचगाव

हॉलच्या मागे लागू नका. आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावागावांत साहित्य संमेलनं होतात, ऐकणारा वर्ग तयार आहे, फक्त गावातल्या वाचनालयाला आधी फोन करा. प्रती स्वतःबरोबर ठेवा. माझं पार्सल एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे तीन दिवस पडून राहिलं, कार्यक्रमाला हातात चारच प्रती, लोकांनी त्याच फिरवून बघितल्या आणि नंतर विकत घ्यायला कुणी परत येत नाही हे मी सोसलंय. आणि भाषण कमी करा, पुस्तकातलं मोठ्यानं वाचा.

आमच्या घरी आजोबांचं जुनं मराठी बायबल आहे, पानं सुटलीत. काय करू? – वाचक, खानापूर

रद्दीत घालू नका आणि सेलोटेप अजिबात लावू नका, टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. सुटलेली पानं क्रमानं लावून सुती कापडात गुंडाळा, आडवं ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीजवळ नको, आपल्याकडचा पावसाळा माहीत आहे. पहिल्या पानाचा फोटो काढा, त्यावर छापल्याचं साल आणि छापखाना असतो, त्यावरून भाषांतर कुठलं ते कळतं. आणि कडेच्या मोकळ्या जागेत आजोबांनी पेन्सिलनं काही लिहिलंय का बघा, कुठला शब्द खोडून दुसरा घातलाय का, तसं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात मी खानापूरला परत येतेय, अज्जींकडे जेवायचं ठरलंय, तुमच्या घरी येऊन ते पान मला बघायचंय.