कर्नाटक संगीताच्या मैफलीत गायक आणि साथीदार तालमीशिवाय एकत्र कसे वाजवतात?

तुम्ही विचारलं आहे की हिंदुस्थानी ऐकायची सवय असल्यामुळे कर्नाटक मैफलीत काही धागाच सापडत नाही. व्हायोलिनवाला गायकाचीच नक्कल करतोय असं वाटतं, मृदंगमवर ठेका ऐकू येत नाही, आणि तरीही सगळे अचूक एकत्र थांबतात. हे आधी बसवलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही. मी लहानपणी पुण्यात तबला शिकलो आणि नोकरीसाठी चेन्नईला आल्यावर मृदंगम शिकू लागलो, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. गायक आणि साथीदार अनेकदा थेट ग्रीनरूममध्येच भेटतात, वाद्यं पट्टीत जुळवतात, कॉफी घेतात आणि मंचावर जातात. कोणत्या कृती, म्हणजे बांधलेल्या रचना, गायच्या ते गायकाच्या डोक्यात असतं. साथीदारांना यादी द्यायलाच हवी असा रिवाज नाही. एखादी पल्लवी, म्हणजे विस्तारासाठी घेतलेली एक ओळ, अवघड तालात बांधलेली असेल तर तेवढी आधी सांगतात.

तुमची खरी अडचण ठेक्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे ताल तबल्यात असतो. धा धिं धिं धा चालू राहतं, त्यावरून गायकाला सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कळते. कर्नाटक संगीतात ताल असतो हातात. आदि ताल आठ अक्षरांचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. गायक मांडीवर करतो तो हाच हिशेब. सम मंचावर सगळ्यांना दिसत असते, त्यामुळे ती वाजवून दाखवायची जबाबदारी मृदंगमवर उरत नाही. मृदंगमवादक मोकळा होतो आणि थेट गाण्यासोबत वाजवतो. शब्द जिथे लांबतात तिथे बोल विरळ करतो, ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा थोडं भरतो, अनुपल्लवीत, म्हणजे कृतीच्या दुसऱ्या भागात, गायक वर चढायला लागला की डावा हात हलका करतो. त्यासाठी कृती पाठ असावी लागते, नुसती चाल नव्हे, शब्दांसकट. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री यांच्या रचनांचं भांडार सर्वांचं सामाईक आहे. गायकाने पहिली अर्धी ओळ म्हटली की साथीदारांना पुढचा सगळा रस्ता माहीत असतो. तालमीची गरज कमी पडते ती मुख्यतः यामुळे.

आता व्हायोलिन. 'नक्कल' हा शब्द कृपा करून सोडून द्या. आलापनेत, म्हणजे कृतीआधी तालाविना राग मांडताना, गायक एक वाक्य घेतो आणि व्हायोलिन त्याच्यामागे क्षणभराच्या अंतराने, दबक्या आवाजात तेच वाक्य घेत जातं. ते वाक्य आधी ठरलेलं नसतं. म्हणजे वादक ऐकतो आहे, गमकासकट, म्हणजे सुरांच्या आंदोलनासकट, ओळखतो आहे आणि वाजवतो आहे, आणि तोवर गायक पुढच्या वाक्यात गेलेला असतो. गायक श्वासासाठी थांबला की शेवटचा सूर व्हायोलिन धरून ठेवतं, राग तुटू देत नाही. गायकाची आलापना संपली की वादकाची पाळी येते. तिथे तो एकटा असतो, पण त्याने गायकापेक्षा थोडा कमीच वेळ घ्यावा असा संकेत आहे. थोड्या वेळात, गायकाने न घेतलेली एखादी जागा दाखवून रागाचं पूर्ण चित्र उभं करणं, हे मला या मैफलीतलं सर्वांत कठीण काम वाटतं. लालगुडी जयरामन किंवा टी. एन. कृष्णन यांची साथ ऐकलीत तर हे लगेच पटेल.

हे वाद्य इथे आलं कसं, तेही थोडक्यात सांगतो. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासमध्ये युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकून ते आपल्या संगीतात आणलं, असं मानलं जातं. धरण्याची पद्धत मात्र पूर्ण बदलली. वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो, त्यामुळे डाव्या हाताला वाद्य पेलावं लागत नाही आणि तो तारेवर हवा तसा घसरू शकतो. गमकांसाठी ही मोकळीक लागतेच. तारासुद्धा गायकाच्या षड्ज-पंचमात लावतात.

कल्पनास्वरांत तर उघड संवाद असतो. गायक सरगम गाऊन गाण्याच्या ठरलेल्या शब्दावर येतो, व्हायोलिन उत्तर देऊन त्याच जागी येतं. फेऱ्या हळूहळू लहान होत जातात: पूर्ण आवर्तन, अर्धं, पाव. शेवटी गायक एक मोठी हिशेबाची रचना टाकतो, तिला कोरवै म्हणतात. तबला ऐकणाऱ्यांनी तिहाईची मोठी बहीण समजावी. आदि तालात प्रत्येक अक्षराला चार मात्रा धरल्या तर आवर्तन ३२ मात्रांचं. 'तदिगिनतोम' हा पाच मात्रांचा बोल तीनदा घेऊन समेवर यायचं तर १५ मात्रा लागतात, म्हणजे १७ मात्रा झाल्यावर सुरुवात करायची. पण पुष्कळ कृती समेवर सुरू होतच नाहीत, समेनंतर दीड अक्षराने सुरू होतात. समेऐवजी तिथेच पोहोचायचं असतं, मग तीच तिहाई सहा मात्रा उशिरा, २३ मात्रा झाल्यावर उचलावी लागते. हे साधं उदाहरण झालं. प्रत्यक्षातल्या कोरवै याहून कितीतरी गुंतागुंतीच्या असतात. गायकाने ती एकदा म्हटली की व्हायोलिनवादकाला तशीच परत वाजवायची असते, आणि मृदंगमवादकाला ती पुढच्या वेळी बोलांत बरोबर पकडायची असते. पकडली की मंचावर सगळे एकमेकांकडे बघून हसतात. ते हसू बघायला मी मुद्दाम पुढे बसतो.

बसण्याची जागाही विचारपूर्वक ठरलेली आहे. मृदंगमवादक गायकाच्या उजवीकडे, गायकाकडे तोंड करून बसतो, त्यामुळे वाद्याची उजवी, शाई लावलेली बाजू श्रोत्यांकडे येते. डाव्या बाजूला मैफलीच्या आधी रव्याचा ओला गोळा थापतात, त्याशिवाय तो घुमारा येत नाही, आणि संपल्यावर खरवडून काढतात. पळनी सुब्रमण्य पिळ्ळै डावखुरे होते, त्यांच्यासाठी मृदंगम आणि व्हायोलिनच्या जागांची अदलाबदल करावी लागे. घटम (मातीचा घडा), कंजिरा (छोटी डफली) किंवा मोरसिंग (तोंडात धरून वाजवायचं छोटं वाद्य) असेल तर ते जरा मागे, आणि तंबोरा सर्वांत मागे. आता बऱ्याच ठिकाणी तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. मला ते आवडत नाही, माणसाने छेडलेल्या चार तारांचा आधार वेगळाच असतो.

सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते तनी आवर्तनमबद्दल. मुख्य कृती झाली की गायक थांबतो आणि मृदंगम व घटम एकटे वाजवू लागतात. आपल्याकडच्या तबला सोलोत पेटीवर लेहरा, म्हणजे सम दाखवणारी फिरती धून, असतो. इथे तोही नाही, फक्त गायकाचा हात. जो इतका वेळ मैफलीच्या केंद्रस्थानी होता तोच आता साथीदारांसाठी ताल धरून बसतो. एक डाव मृदंगम वाजवतो, एक घटम, मग तुकडे लहान लहान होत जातात, शेवटी दोघं एकत्र येऊन कोरवै तीनदा वाजवतात, आणि तिसरी संपते त्याच ठिकाणी गायक आपली ओळ उचलतो. नेमकं याच वेळी अर्धं सभागृह उठून कॅन्टीनकडे जातं. मला याचं फार वाईट वाटतं. निदान तुम्ही उठू नका.

सगळं गोड आहे असंही नाही. मानधनात आणि जाहिरातीत साथीदार अजून मागेच असतात, घटमवाल्याला तर मृदंगमवाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं. पालघाट मणी अय्यर यांच्यासारखा महान वादकही दीर्घकाळ स्त्री गायिकांच्या साथीला बसत नसे. पुढे ते डी. के. पट्टम्माळ यांच्या साथीला बसले. आज गायिका, व्हायोलिनवादक आणि मृदंगमवादक सगळ्या स्त्रिया असलेली मैफलही ऐकायला मिळते.

मराठी माणसाला इथे अगदी परकं वाटायचं कारण नाही. तंजावरच्या मराठी कीर्तनपरंपरेचा तमिळ हरिकथेवर मोठा प्रभाव आहे, आणि तंजावर शैलीच्या मृदंगमच्या परंपरेत नारायणस्वामी अप्पा या मराठी वादकाचं नाव आदराने घेतात. मैफलीच्या शेवटच्या भागात अभंगही पुष्कळदा येतो.

मुंबईत असाल तर माटुंग्याच्या षण्मुखानंद सभागृहात जा, जमल्यास डिसेंबरमध्ये, मैफलींच्या हंगामात, चेन्नईला या. पहिल्या दोन-तीन कृतींत गायकाच्या हाताकडे बघत स्वतःही ताल धरा. मुख्य रागाच्या आलापनेत फक्त व्हायोलिन ऐका, गायकाकडे लक्ष गेलं तरी परत या. घरी ऐकायचं असेल तर अरियकुडी रामानुज अय्यंगार यांची पालघाट मणी अय्यर साथीला असलेली ध्वनिमुद्रणं शोधा. आजच्या मैफलीचा आराखडा रूढ करण्याचं श्रेय अरियकुडींना दिलं जातं, आणि त्यांच्या गाण्यातली वाक्यं आखूड असल्यामुळे मृदंगम कुठे बोलतो आणि कुठे गप्प राहतो ते नवख्या कानालाही स्पष्ट कळतं.