चीनमधल्या थडग्यांतले छोटे मातीचे सैनिक युद्धाचा सराव करण्यासाठी होते का?

नाही, ते मृतासोबत पुरण्यासाठीच बनवले जात. चीनच्या पहिल्या, म्हणजे छिन सम्राटाचे सैनिक माणसाएवढे होते. त्यानंतरच्या हान राजवटीच्या काळात ते लहान झाले. शियानयांगजवळ यांगच्यावानला 1965 मध्ये सापडलेले घोडेस्वार आणि पायदळ वेगवेगळ्या खड्ड्यांत तुकडीनिहाय मांडलेले आहेत. त्या काळच्या सैन्यरचनेचा इतका सुंदर पुरावा क्वचितच मिळतो! म्हणूनच ती मांडणी युद्धखेळाच्या पटासारखी वाटते.

युद्धाचे डाव मांडून पाहण्याची खरी पद्धत मात्र वेगळीच होती. प्राचीन चिनी विचारवंत मोझीने कमरेचा पट्टा काढून त्याची लुटुपुटूची तटबंदी केली, लाकडाचे तुकडे शस्त्रं म्हणून वापरले आणि कारागीर गोंगशू बानचे नऊही हल्ले परतवले, अशी कथा आहे. इ.स. 32 मध्ये हान सेनापती मा युआनने सम्राटापुढे तांदळाचे डोंगर-दऱ्या रचून सैन्याचे मार्ग दाखवले. नियम आणि फासे असलेला प्रशियाचा (जुन्या जर्मन राज्याचा) युद्धखेळ थेट 1824 चा.