'कोप्रोस'चा खरा भाऊबंद

घाण किंवा शेण या अर्थाचा प्राचीन ग्रीक शब्द 'कोप्रोस' आणि मराठी 'कोपरा' यांचे मूळ एकच असावे, कारण घरातला केर कोपऱ्यातच साठतो, असा तर्क आपण मांडला आहे. तो मला मान्य होण्यासारखा नाही. आपला 'कोपर' संस्कृत 'कूर्पर' या शब्दावरून आला आणि 'कोपरा' त्याच घरातला. केराशी त्यांचे काही नाते नाही. ग्रीक शब्दाचा खरा भाऊबंद मात्र संस्कृतातच सापडतो: 'शकृत्', म्हणजे विष्ठा.

दोघांत वरवर साम्य दिसत नाही, परंतु ध्वनिबदल नियमाने होतात. पुष्कळ शब्दांत संस्कृत 'श'च्या जागी ग्रीकमध्ये 'क' येतो, जसे 'दश' आणि 'देका'. शिवाय संस्कृत आणि ग्रीक ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यात ओठ गोल करून उच्चारला जाणारा एक 'क' होता. तो संस्कृतात 'क' राहिला आणि ग्रीकमध्ये अनेक ठिकाणी 'प' झाला, म्हणूनच आपले 'यकृत्' तिकडे 'हेपार' आहे. 'यकृत्' आणि 'शकृत्' ही जोडी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दोन्ही शब्द एकाच दुर्मीळ साच्यातले आहेत: प्रथमेत 'ऋ', तर षष्ठीत 'यक्नः', 'शक्नः' असा 'न'. पाणिनीनेही 'यकन्' आणि 'शकन्' एकाच सूत्रात शेजारी ठेवले आहेत.

प्राचीन ग्रीक महाकाव्य 'इलियड'मध्ये ट्रॉयचा योद्धा हेक्टर मारला गेल्यावर त्याचा वृद्ध पिता प्रायम 'कोप्रोस'मध्ये लोळतो. तिथे शेणापेक्षा धूळघाण हा अर्थ अधिक योग्य वाटतो. अथेन्समध्ये मैला वाहून नेणाऱ्यांना 'कोप्रोलोगोस' म्हणत, आणि तटापासून 10 स्टेडियांच्या, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरांच्या आत त्यांनी तो टाकू नये, यावर नगराधिकारी लक्ष ठेवत. बायझंटाइन सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनला (741–775) विरोधकांनी 'कोप्रोनिमोस', म्हणजे विष्ठेच्या नावाचा, हे नाव चिकटवले. आजच्या ग्रीकमध्ये 'कोप्रिया' म्हणजे खत.

विज्ञानात हा शब्द 1829 मध्ये रुजला. त्या वर्षी विल्यम बकलंड यांनी 'लिथोस', म्हणजे दगड, जोडून अश्मीभूत विष्ठेला 'कोप्रोलाइट' हे नाव दिले. असे कोप्रोलाइट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही सापडतात, आणि त्यांतील गवताच्या सूक्ष्म सिलिका कणांवरून डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात गवत अस्तित्वात होते, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.