के१०००च्या फोटोंवरचा नारिंगी पट्टा: आधी निगेटिव्ह पाहा, मग फोमला हात लावा

तुम्ही दिलेली माहिती अशी: आजोबांचा पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा, ४०० आयएसओचा (फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) रंगीत रोल, गोदाघाट आणि पंचवटीत तीन रविवार मिळून काढलेले ३६ फोटो. त्यातल्या ९ फोटोंना डाव्या अंगाला वरून खाली नारिंगी पट्टा, बाकीचे स्वच्छ. लॅबने नुसते स्कॅन पाठवलेत. मागच्या दाराचे सील (प्रकाश अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्या) बदलायचे की शटर (फोटो काढताना क्षणभर उघडणारा पडदा) गेलंय, हा प्रश्न.

आधी लॅबला फोन करून निगेटिव्ह मागून घ्या. रोल मुंबई-पुण्याला पाठवत असाल तर दर वेळी हे आवर्जून सांगा, नाहीतर काही ठिकाणी ती थोड्या दिवसांनी टाकून देतात. स्कॅन करताना फ्रेमच्या कडा कापल्या जातात आणि प्रकाशगळतीचं निदान नेमकं त्या कडांवर होतं.

निगेटिव्ह मोबाईलच्या कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनवर धरा. फोटोत उजळ दिसणारी गळती इथे काळी दिसेल. हा काळेपणा फ्रेमची चौकट ओलांडून दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेत आणि फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या पट्टीत पसरला असेल, तर प्रकाश मागच्या दाराकडून आला. चौकटीच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखा थांबला असेल, तर तो पुढून आला: शटरचा पडदा, आरशाची पेटी किंवा लेन्स. पुढून येणाऱ्या प्रकाशाला फिल्म गेटच्या, म्हणजे फिल्मपुढच्या चौकोनी, खिडकीतूनच यावं लागतं, म्हणून चौकटीबाहेर तो जाऊ शकत नाही. निम्मं निदान इथेच होतं.

निगेटिव्ह हाती येईपर्यंत रंगावरूनही बरंच कळतं. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये निळ्या प्रकाशाचा थर सगळ्यात वर, लेन्सकडे असतो आणि लाल प्रकाशाचा थर सगळ्यात खाली, बेसला (फिल्मच्या पारदर्शक प्लास्टिकला) लागून. मागून शिरलेला प्रकाश आधी लाल थराला भेटतो, आणि पुढे मधला पिवळा गाळणी-थर निळा भाग अडवतो. म्हणून मागची गळती फोटोत लाल-नारिंगी उमटते. पुढून आलेली बहुधा पांढुरकी असते. तुमचा पट्टा नारिंगी आहे, म्हणजे संशय दारावरच जातो.

आता बाजू. लेन्स प्रतिमा उलटी पाडते, त्यामुळे आडव्या फोटोची डावी कड म्हणजे डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याची उजवी बाजू, आणि फोटोचा वरचा भाग म्हणजे कॅमेऱ्याचा तळ. के१०००च्या दाराची बिजागरी उजवीकडेच आहे, डावीकडे कुलूप (दार बंद करणारा खटका). एक मेख मात्र लक्षात ठेवा. बिजागरीजवळ गेटमधली फ्रेम नसते. आधी काढून गुंडाळीकडे सरकलेली फिल्म असते. त्यामुळे बिजागरीची गळती कधी कधी आधीच्या फ्रेमच्या मध्यावरही पडते. पट्ट्यात छिद्रांच्या चौकोनी सावल्या ओळीने दिसल्या, तर प्रकाश गुंडाळीवरच्या एका वेढ्यातून खालच्या वेढ्यावर गेला आहे. ही खूण दिसली की दाराबद्दल शंका उरत नाही.

९ फ्रेम खराब आणि २७ स्वच्छ का, हे बरेच जण विचारातच घेत नाहीत. शटर किंवा लेन्सचा दोष असेल तर तो फोटो काढण्याच्या क्षणी घडतो, म्हणून बहुतेक फ्रेमवर सारखा येतो किंवा ठरावीक वेगालाच येतो. दाराची गळती मात्र कॅमेरा उन्हात किती वेळ राहिला यावर ठरते. रामकुंडाच्या पायऱ्यांवर दुपारी गळ्यात लटकवून पंधरा मिनिटं फिरलात, तर त्या वेळी बिजागरीपाशी जी फ्रेम होती ती गेली; पाठोपाठ खटाखट काढलेल्या पाच वाचतात. खराब फ्रेमच्या आधी-नंतर किती वेळ गेला होता, ते आठवून पाहा. दोन रविवारांच्या मधली फ्रेम त्यात असेल, तर दुवा पक्का.

खात्री करायला एक कृष्णधवल ४०० आयएसओ रोल खर्च करा. फक्त डेव्हलप करून घ्यायचा, स्कॅन नको. खुणेची फ्रेम म्हणून कागदावर मोठा आकडा लिहून त्याचा साधा फोटो घ्या. पुढची फ्रेम लेन्सला टोपी लावून, शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवून काढा आणि बिजागरीची बाजू दोन मिनिटं थेट उन्हाकडे धरा. मग टोपी लावूनच दोन कोऱ्या फ्रेम सोडा. पुन्हा खुणेची फ्रेम, आणि आता कुलपाची बाजू. तसाच तळ, तसाच माथा. शेवटी बिजागरीवर काळी इन्सुलेशन टेप दुहेरी लावून पहिला प्रयोग परत करा. कोऱ्या भागात मोजायला सोपं: एका फ्रेमला आठ छिद्रं. टेपशिवाय काळं आणि टेपनंतर स्वच्छ, एवढं दिसलं की झालं. अंधाऱ्या खोलीत आत छोटा टॉर्च ठेवून फटी शोधण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. उजेड दिसला तर चांगलंच, पण न दिसल्याने दार निर्दोष ठरत नाही.

के१००० १९७६ ते १९९७ या काळात बनला, म्हणजे सगळ्यात नवा नगही पंचविशी ओलांडलेला. त्याचा मूळ पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलीने विरघळत जातो, आणि नाशिकचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. दार उघडून बिजागरीजवळच्या पट्टीला बांबूची टूथपिक टेकवा. डांबरासारखी तार निघाली किंवा काळा भुगा पडला, तर सील संपलं.

काढताना कॅमेरा उलटा, दार खाली लोंबतं ठेवा, म्हणजे भुगा शटरवर पडणार नाही. गेटवर कागद चिकटपट्टीने झाका. चिकटपट्टी पडद्याला लागू देऊ नका. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल टूथपिकच्या टोकाला घ्या, बाटलीतून ओतू नका. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनरने रंग सुटतो. खाच स्वच्छ करायला तासभर लागतो आणि तो द्यावाच, कारण जुन्या चिकटावर नवीन पट्टी धरत नाही.

वरच्या-खालच्या खाचांत काळी लोकर उत्तम बसते. खाच भरेल पण दाराची कड आत शिरायला जागा राहील, एवढीच जाड घ्या आणि दोन्ही टोकांना चिकटाचा एकेक थेंब द्या. बिजागरीला मात्र लोकर नको. तिथे मागे चिकट असलेला मऊ काळा फोम किंवा मखमली पट्टी हवी. जाडी साधारण दोन मिलिमीटरपासून सुरू करा. जास्त जाड घातली की दार जोर लावून बंद करावं लागतं, पत्रा किंचित वाकतो आणि कुलपाकडे नवी फट पडते. हस्तकलेच्या दुकानातली कडक फोम शीट म्हणूनच टाळावी. चिकट बाजू आधी पाण्याच्या बोटाने ओलसर करा, म्हणजे पट्टी सरकवून नेमकी बसवता येते.

निगेटिव्हवर काळेपणा चौकटीतच थांबला, तर वेगळा रस्ता. लेन्स काढा, आरसा कडेला धरून अलगद उचला, अंधारात मागून टॉर्च मारा आणि पुढून पडदा पाहा. एकदा शटर चढवून (फिल्म पुढे सरकवणारी दांडी फिरवून), एकदा न चढवता, कारण पडदे दोन आहेत. सुईच्या टोकाएवढा उजेडाचा तारा दिसला, तर फोटोत दर वेळी त्याच जागी ठिपका येतो. फक्त १/५०० आणि १/१००० ला एका उभ्या कडेवर उजळ पट्टी येत असेल, तर ती गळती नव्हे. पडदा टोकाला आपटून उसळतोय. ही दोन्ही कामं कारागिराची. रोलच्या सुरुवातीच्याच फ्रेम धुरकट असतील, तर रोल उन्हात भरला गेला असणार; सावलीत, शरीराची आड घेऊन भरा.

नवीन सील घातल्यावर दार एक रात्र बंद ठेवा, सकाळी सहज उघडतं का पाहा, आणि बिजागरीवर टेप न लावता तोच उन्हातला प्रयोग सहा फ्रेमवर परत करा. निगेटिव्ह आली की बिजागरीकडच्या दोन-तीन फ्रेम छिद्रांच्या पट्टीसकट फोटो काढून इथे टाका, पाहून सांगतो.