पिस्तुलाचे छेदचित्र काढणाऱ्या मुलाने पुढे काय शिकावे?

स. न. वि. वि.

आपला बारावीतील मुलगा वहीच्या मागच्या पानांवर पिस्तुलांची छेदचित्रे (आतले भाग दिसावेत म्हणून मधून कापल्यासारखी चित्रे) काढतो, ‘असली यंत्रेच बनवायची आहेत’ म्हणतो आणि त्यामुळे घरात काळजी आहे, असे आपण सेलूहून कळवले आहे. सोबतचे चित्र ब्राउनिंग हाय-पॉवरचे आहे. आपल्याकडे इछापूरच्या कारखान्यात बनणारे ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातले.

त्याने या पिस्तुलाचा इतिहास नीट वाचावा. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या पिस्तुलाचे हक्क अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडे गेलेले असल्यामुळे, फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून नवे पिस्तूल रचताना त्यांना स्वतःच्याच जुन्या युक्त्या टाळाव्या लागल्या. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बेल्जियमच्या एफएन कंपनीतील द्यूदोने सेव्ह यांनी काम पुढे नेले, १९२८ मध्ये पेटंटची मुदत संपताच कोल्टच्या त्या जुन्या पिस्तुलातील सोयीचे भाग घेतले, आणि १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ते पिस्तूल स्वीकारले. (ज्यांच्यासाठी खटाटोप सुरू झाला, त्या फ्रेंचांनी दुसरेच घेतले!) जुन्या पिस्तुलात नळीचे मागचे टोक खाली ओढायला सुटी कडी होती, येथे नळीखालच्या अखंड भागालाच तिरका उतार दिला, त्यामुळे नळी आणि स्लाइड (नळीवरचे मागेपुढे सरकणारे आवरण) थोडे अंतर जोडीने मागे सरकतात व मग नळी झुकून स्लाइडपासून सुटते. तेरा काडतुसांचे दुहेरी रांगेचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, सेव्ह यांचे. मॅगझिन काढल्यावर पिस्तूल चालू नये, ही अट मात्र खटक्याच्या (ट्रिगरच्या) मुळावर आली. त्या अटीसाठी घातलेल्या जादा दुव्यामुळे खटका जड आणि खरखरीत लागतो.

हे सारे यंत्र अभियांत्रिकीचे काम आहे. त्यासाठी सीईटी किंवा जेईई देऊन छत्रपती संभाजीनगर अथवा नांदेडच्या महाविद्यालयात मेकॅनिकल शाखा घ्यावी. पुढे गेट या अभियांत्रिकी पदवीनंतरच्या परीक्षेच्या गुणांवर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञपदाची वाट आहे, आणि पुण्यातील एआरडीई ही त्या संस्थेचीच शस्त्रविकास प्रयोगशाळा. हाताने धातू घडवण्याची ओढ अधिक असेल, तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधील टूल अँड डाय मेकिंगची (कारखान्यांतील अवजारे व साचे बनवण्याची) पदविका मला अधिक भावते, कारण संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतही ती कामी येते.

घरी सुटे भाग बनवण्याचा प्रयोग मात्र करू देऊ नये. विनापरवाना शस्त्रनिर्मिती हा गुन्हा आहे. वही हिसकावून घेऊ नका. पुढचे चित्र त्याने मिलिमीटरमधील मापे आणि मान्य फरक (माप किती कमी-जास्त चालेल ते) लिहून काढावे व मला पाठवावे.